उलट उत्तर

१४ ऑक्टोबर

ही वही वाचनालयाच्या ऑर्डरमधली. मधली सोळा पानं उलटी शिवली गेली म्हणून त्यांनी परत केली, तेव्हापासून आमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात फळीवर पडून होती. मी म्हणाले चूक ताईची, ताई म्हणाली माझी. त्या वादात आमचे दोन आठवडे मजेत गेले होते. आज हॉस्पिटलला निघताना हाताला हीच लागली. बाकावर बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा काहीतरी लिहावं.

काल सकाळी दुकानात ताईला हार्ट अटॅक आला. आम्ही भांडत होतो. विषय नेहमीचाच, खळ. तिने ती पातळ कालवली होती. मी म्हणाले, "वीस वर्षं पुस्तकं बांधतेस, वीस वर्षं पातळ खळ लावतेस आणि वीस वर्षं लोक सुटलेली पानं घेऊन परत येतात. तुझ्या डोक्यात प्रकाश पडणार तरी कधी?" तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, जिंकले. हो, हेच वाटलं. टेबलाची कड धरून ती खाली बसत होती आणि मी दोन क्षण जिंकल्यासारखी उभी होते.

समोरच्या दुकानातले घड्याळजी धावत आले. गाडी त्यांनीच बोलावली. मला काही सुचत नव्हतं, मी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवत होते.

आज अकराला तिला ऑपरेशनला नेलं. डॉक्टर म्हणाले, चार तास लागतील. त्यापुढे काही म्हणाले नाहीत. जिन्याशेजारी प्रार्थनेची एक खोली आहे. तीन बाक, पाण्याचा जग, खिडकीला पांढरा पडदा. तिथे जाऊन बसले. देवाचं सगळं आजवर ताईच बघत आली. मी फक्त तिच्यामागून हात जोडायचे. त्यामुळे सुरुवात कशी करावी हेही कळेना.

काय द्यावं देवाला? चहा सोडते म्हणाले. मग आठवलं, चहा डॉक्टरांनी मला आधीच सोडायला सांगितलाय, देव काही इतका भोळा नसेल. उपास मला जमतात, त्यात त्याग कसला. छप्पन्न वर्षांची बिनलग्नाची बाई, दागिने नाहीत, मूलबाळ नाही. खरं सांगायचं तर मला जिवाहून प्यारी अशी एकच गोष्ट आहे आणि काल तिनेच ताईचा जीव घ्यायची वेळ आणली. म्हणून म्हणाले, देवा, ताईला वाचव. मी जन्मात तिला उलट उत्तर देणार नाही. ती काहीही म्हणो, मी हो म्हणेन. हे तुझ्यामाझ्यात. कोणाला सांगितलं तर नवस मोडला असं समज.

१५ ऑक्टोबर

वाचली.

२६ ऑक्टोबर

ताईला घरी आणलं. राहतो आम्ही दुकानाच्या वरच, पण त्या अठरा पायऱ्या तिला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं. वर पोचल्यावर पहिलं वाक्य, "खिडकीची काच पुसलेली दिसत नाही बारा दिवसांत." मी बारा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत होते. मी म्हणाले, "हो गं ताई, राहिली. आत्ता पुसते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी काच पुसली.

न दिलेलं उत्तर: तुला वाचवू की काच पुसू, एकदाच काय ते सांग.

इथे लिहिलेलं चालत असावं. नवस बोलण्याचा होता, लिहिण्याचा नव्हता. तरी देवा, तुला चालत नसेल तर काहीतरी खूण कर.

३० ऑक्टोबर

खूण नाही. चालतं.

डॉक्टरांनी रोज पंधरा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालायला सांगितलंय, आठवड्याने जिना. अळणी जेवण. ताई म्हणते सूप गिळवत नाही, हे भांडी धुतलेलं पाणी आहे. मी म्हणते, खरंय, मी जरा मिरपूड घालून आणते. आधीची मी असते तर तेच सूप तिच्यासमोर घटाघटा पिऊन दाखवलं असतं आणि मग तिनेही इरेला पेटून वाटी रिकामी केली असती. आता अर्धी वाटी उरते.

दमायला होतं. काम वाढलंय म्हणून नाही, ते मी करू शकते. जीभ दातांत धरून ठेवल्याने दमायला होतं. संध्याकाळी जबडा दुखतो.

६ नोव्हेंबर

एका कॉलेजची तीस प्रबंधांची ऑर्डर आली. ताईने वरूनच फर्मान काढलं, पुठ्ठे आडवे काप. आता पुठ्ठ्यालाही उभं-आडवं असतं. आडवा कापला की आठ दिवसांत कव्हर कडेने वर उचलतं, हे बाबांनी आम्हाला शाळेत जायच्या वयात शिकवलंय. ताईलाही माहीत आहे. मी नमुन्याचा पुठ्ठा घेऊन वर गेले.

"आडवेच ना?"

"मग काय सांगितलं मी?"

"बरं ताई."

ती उशीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कापणारेस तू?"

"तू म्हणतेस तर कापते."

आजारपणात माणूस हट्टी होतं म्हणतात, तसं झालंय तिचं. मी तीस पुठ्ठे आडवे कापले. कापताना रडू येत होतं. बाबा वरून बघत असतील तर त्यांना देवाने समजावून सांगावं.

न दिलेलं उत्तर: लिहीत नाही. पान फाटेल.

९ नोव्हेंबर

ताईने आज माझ्या आवाजाला नावं ठेवली. माझ्या हातच्या अंड्याला ठेवली. माझ्या कापलेल्या केसांना ठेवली ("कोणी कापले, कटिंग मशीनने?"). मी सगळ्याला हो म्हणाले. मग ती अगदी सावकाश, माझ्याकडे डोळे लावून म्हणाली, "आईचा जीव माझ्यावर जास्त होता. तू नको असतानाच झालीस."

आईच्या शेवटच्या दुखण्यात तीन वर्षं तिचं सगळं मी केलं. तेव्हा ताई तिच्या सासरी होती. नवरा गेल्यावर ती परत आली तेव्हा आई नव्हती; तिचा मुलगा तिकडेच परगावी राहिला. हे वाक्य तिने आजवर फक्त एकदा उच्चारलं होतं आणि त्या वेळी मी पाण्याचा तांब्या भिरकावला होता. तांब्याला पोचा पडला तो अजून आहे.

मी म्हणाले, "असेलही."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, चला, एक अवघड दिवस निभावला. देवा, बघतोयस ना? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा पीळसुद्धा गेला.

१३ नोव्हेंबर

ताई आता काही टोचून बोलत नाही. घरात शांतता आहे. सुपाला नावं ठेवत नाही, दोन चमचे घेते आणि वाटी सरकवते. चालत नाही. म्हणते, उद्यापासून. मी म्हणते, बरं.

मला या शांततेची इतकी वर्षं हौस होती. ती अशी लागेल असं वाटलं नव्हतं. दुकानात एकटी बसून शिवताना मी दोनदा मोठ्याने म्हणाले, "काय म्हणालीस?" वरून कोणी काही म्हणालंच नव्हतं.

१८ नोव्हेंबर

प्रबंध परत आले. कव्हरं वर उचललेली, ओळीने ठेवली की ओठ मुरडल्यासारखी दिसतात. कॉलेजची बाई भली, ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "तुमच्याकडून असं कधी होत नाही." मी म्हणाले, चूक माझी, परत बांधून देते. आता उभे कापतेय. ताईला सांगितलेलं नाही. यात उलट उत्तर नाही, नुसतं गप्प बसणं आहे.

वर गेले तर ताईने कपाट रिकामं केलं होतं. तिची लोकरीची शाल वेगळी काढलेली. म्हणाली, "ही तू घे. तुझी जुनी झालीय."

"तुला लागेल की थंडीत."

हे उलट उत्तर झालं का? मी लगेच जोडलं, "पण तू म्हणतेस तर घेते." तिने मान हलवली आणि हसली. ताई माझ्याकडे बघून हसते तेव्हा मला भीती वाटते. मला तिच्या हसण्याची सवय नाही.

२१ नोव्हेंबर

तपासणी. टॅक्सीपर्यंत ताईला परत उचलून न्यावं लागलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला आत थांबवून घेतलं.

"हृदय उत्तम चाललंय. पण त्यांचं वजन पाच किलो उतरलंय. चालत नाहीत, खात नाहीत. गोळ्या तरी घेतात का?"

मी म्हणाले, देते मी रोज.

"देता. पण घेतात का?"

मी पिशवीतून औषधांची चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"घरात काही झालंय का? एखादा वाद वगैरे?"

"छे हो," मी म्हणाले, "एका शब्दाने नाही."

बाहेर आले तर ताईने विचारलं, "काय म्हणाला एवढा वेळ?" मी म्हणाले, सगळं छान आहे म्हणाला. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "हो गं. छानच असणार." घरी येऊन बघितलं, उशीच्या अभ्र्यात एकोणीस गोळ्या होत्या.

२२ नोव्हेंबर

गोळ्या मी आता समोर उभी राहून देते. घेते बिचारी, वाद न घालता. तेच बघवत नाही. रागावून जिभेखाली तरी लपवायच्या होत्या.

प्रार्थना केली. देवा, मी माझा शब्द पाळतेय. तू दिलेली ताई तू परत का घेतोयस?

२५ नोव्हेंबर

घड्याळजींनी आज दुकानात शिरून दार लोटून घेतलं. काल ते वर ताईला भेटून आले होते. हा माणूस मितभाषी; बोलायचं असलं की आधी चष्मा पुसतो. चांगला पाच मिनिटं पुसला.

"धाकट्या बाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? खरं सांगा."

"बरी आहे म्हणाले. हृदय उत्तम."

"मग त्या मला का विचारत होत्या, अजून किती दिवस आहेत म्हणून?"

मी हातातली सुई खाली ठेवली. ते म्हणाले, "मी म्हणालो असं काही नाही. तर म्हणाल्या, तुम्हाला माहीत नसेल, शहाणीला माहीत आहे. शहाणी महिनाभर माझ्याशी गोड बोलतेय. मी तिला सगळं बोलून पाहिलं, पुठ्ठे आडवे कापायला लावले, आईवरून बोलले. ती हो म्हणाली. आमच्या घरात मरणाऱ्या माणसाशीच असं बोलतात."

शहाणी म्हणजे मी. लहानपणापासून मला ती याच नावाने हाक मारते, कौतुकाने कधीच नाही.

मी स्टुलावर बसले. आडवे पुठ्ठे तिने मुद्दाम कापायला लावले होते. तिला माहीत होतं. मी एक शब्द टाकला असता, "वेड लागलंय का तुला" एवढंच, तर ती त्या दिवशी पूर्ण वाटी सूप प्यायली असती.

घड्याळजी जायला उठले तेव्हा मी त्यांना विचारलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून, की माणसाने देवाला एखादी वस्तू दिली तर ती परत मागता येते का. त्यांनी परत चष्मा पुसला. म्हणाले, "माझ्याकडे एकदा एक गृहस्थ चांगलं चालणारं घड्याळ देऊन गेले. म्हणाले, एखाद्या गरजूला द्या, मला पुण्य लागेल. चौकशी केली तर ते त्यांचं आणि त्यांच्या भावाचं मिळून होतं. मी परत पाठवलं." मी विचारलं काय, हे सांगतात काय. त्यांचं वय झालंय.

२६ नोव्हेंबर

रिपोर्ट ताईच्या हातात दिला. वाच म्हणाले, अगदी नॉर्मल लिहिलंय. तिने न वाचता घडी घातली. "असे कागद करून देतात. बाबांनाही दिला होता." खरंय, बाबांना आम्हीच करून द्यायला लावला होता.

नवसाचं सांगून टाकावं का? सांगितला तर मोडला. बरं, सांगितला तरी तिला ती माझी आणखी एक गोड थाप वाटणार. आणि भांडले तर मोडलाच. इकडे आड तिकडे विहीर. मोडला की देव ताईला नेणार आणि पाळला की ताई स्वतःच चालती होणार. मी फार थकलेय. असा कसा नवस बोलले मी? चहा सोडला असता तर काय बिघडलं असतं.

२८ नोव्हेंबर

ठरवलं, मोडायचा. सकाळी प्रार्थना करून माफी मागून घेतली आणि वर जाऊन म्हणाले, "ताई, तुझी खोली फार पसरलेली असते." शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं झालं.

ताई म्हणाली, "घड्याळजी तुला काही बोलले वाटतं." आणि डोळे मिटून घेतले.

जिभेला हाड नाही म्हणतात. माझ्या जिभेला महिन्याभरात काहीच उरलेलं नाही.

२ डिसेंबर

घाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लागेल.

दुपारी सूप घेऊन वर गेले. ताई पाय सोडून बसलेली, मांडीवर फोन. मला म्हणाली, "बस. सांगायचंय." मी बसले. म्हणाली, "मुलाशी बोलले. दुकान बंद करायचं. मशिनं पलीकडच्या गल्लीतला छापखानेवाला नेईल, त्याला शब्द दिलाय. तू माझ्या मुलाकडे राहायचं. त्यांची मागची खोली रिकामी आहे, ती तुला देतील. सूनबाई तयार आहे. तुला एकटीला झेपायचं नाही."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणायचंच होतं, देवाशपथ. पण आतून दुसरंच आलं.

"कोणाला विचारून?"

ताईने वर बघितलं.

"कोणाला विचारून म्हणते मी! बाबांच्या मागे हे दुकान कोणी चालवलं? तू सासरी नांदत होतीस तेव्हा इथे कोण उभं होतं? मागची खोली! मी काय जुनी ट्रंक आहे मागच्या खोलीत टाकायला? तुझ्या सुनेच्या हातचं खायला घालून मला मारायचा बेत आहे का? झेपायचं नाही म्हणे! तुझे तीस आडवे पुठ्ठे कोणी निस्तरले? मी! परत आलेत सगळे, गठ्ठाच्या गठ्ठा! आणि शब्द दिलाय म्हणे. माझ्या मशिनांवर शब्द देणारी तू कोण?"

मी उभी राहिले होते. सूप सगळं पलंगपोसावर सांडलं होतं.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय परत म्हणू? बहिरी झालीस का आता?"

तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. मला वाटलं झालं, अटॅक आला, देवाने घेतलं. मी तिच्याकडे धावले. तिने माझा हात झटकला.

"म्हणजे मी मरत नाहीये."

"कोण म्हणालं मरतेयस म्हणून?"

"तू! महिनाभर ताई-ताई करत, बरं-बरं करत! इकडे मी मरायची तयारी करतेय, शाल दिली, कपाट आवरलं, आणि तू बावळटासारखी बघत बसलीस? आणि आडवे पुठ्ठे खरंच कापलेस? बाबांची मुलगी ना तू?"

मग पाऊण तास. आईपासून सुरू करून उलट्या शिवलेल्या सोळा पानांपर्यंत काही सुटलं नाही. घड्याळजी खाली रस्त्यात उभे राहून वर बघत होते, त्यांना तिनेच खिडकीतून हाकललं. पलंगावरून उठून, चार पावलं चालत जाऊन. मग धापा टाकत बसली आणि रडायला लागली. मीही. रडतारडता म्हणाली, "एवढे दिवस तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

मी म्हणाले, "दाढ दुखत होती."

"महिनाभर? दाखवायची अक्कल नाही?"

सांगितलं नाही. म्हणजे देवा, अर्धा नवस तरी शाबूत आहे. मोडला तो अर्धा मोडला. ताईचा यात काही दोष नाही, तिने शब्द दिला नव्हता. घ्यायचं ते माझ्याकडून घे. मी विरोध करणार नाही.

पाच वाजता तिने अंडं मागितलं. दोन खाल्ली. मीठ नाही म्हणून मला नको नको ते बोलली.

५ डिसेंबर

छापखानेवाल्याला नाही म्हणून कळवलं. ताईनेच फोन केला आणि त्यालाच झापलं, जसा काही प्रस्ताव त्याचा होता.

तिला काही झालेलं नाही. तासातासाला मी काहीतरी निमित्त काढून वर जाऊन बघते. ती म्हणते, "काय सारखी मांजरासारखी येतेस?" मी म्हणते, "माझं घर आहे, शंभरदा येईन." आणि खाली आले की कान वर लावून बसते. दर शब्दाला वाटतं, हाच असेल ज्याची किंमत देव मागेल. पण थांबले की ती परत माझ्याकडे तसं बघायला लागते.

११ डिसेंबर

आज ताई जिना उतरली आणि परत चढली. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा. मी तिच्या मागे, हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब, तिला कळू नये असा. नवव्या पायरीला ती थांबली. कठडा धरला. श्वासाचा आवाज येत होता. मला वाटलं, इथेच.

देवा मला ने, तिला नको, मला ने, असं मी मनात म्हणत होते. तोंडाने म्हणाले, "चल की. रात्र करतेस का इथेच?"

"घाई असेल तर पुढे हो," ताई म्हणाली आणि पाऊल उचललं.

दहाव्या पायरीलाही मी दोन्ही म्हणाले. अकराव्यालाही. अठरापर्यंत.